आधी ओ देणारी

२ सप्टेंबर, सोमवार

आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, गॅस जोडलाय पण लायटर सापडत नाही, आणि तरीही मी आज भयंकर खूश आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तिसरा मजला. ओट्यासमोर ऐसपैस खिडकी आहे आणि तिच्यातून मुंगीच्या शाळेचं मैदान दिसतं. म्हणजे भांडी घासता घासता लेकीवर नजर ठेवता येईल. मुंगी हे अर्थातच शाळेतलं नाव नव्हे. साखरेचा डबा कुठेही लपवा, तिला तो सापडतोच, म्हणून मुंगी. वय वर्षं सहा.

घर आवडलं का विचारलं तर म्हणाली, थांब, आधी बघू दे. मग एकेका खोलीत जाऊन, न्हाणीघरात आणि रिकाम्या कपाटातसुद्धा शिरून, तिने "आई!" अशी हाक मारली आणि मी ओट्यापाशी उभी राहून "ओ, आले गं!" म्हणत राहिले. हा आमचा जुना खेळ. कुठूनही हाक मारली तरी आई ओ देते, एवढं तपासून झालं की घर पास. घर पास झालं.

तिचा बाबा त्याच्या नव्या संसारात सुखी आहे. मुंगी माझ्याकडे राहायची तर मला कायमची नोकरी आणि धड घर हवं, असं कोर्टाने बजावलं होतं. घ्या, दोन्ही मिळालं. आता मुंगी माझी. हे वाक्य लिहिता यावं म्हणूनच ही वही विकत घेतली, असं म्हटलं तरी चालेल.

३ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिस छान आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी इथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. दिवसभर माणसं येतात, काचेमागे बसून कादंबऱ्या, पाककृती, अगदी आयकराचे नियमसुद्धा मोठ्याने वाचतात आणि जातात. ते सगळे आवाज ज्या कॉम्प्युटरवर साठतात तो सांभाळणं हे माझं काम. मोठ्या बाईंनी, म्हणजे इथल्या मुख्य, हिंडून सगळं दाखवलं. जाड दारं, जाड गालिचे, पाऊल वाजत नाही.

एक गंमत म्हणजे इथे कोणी कोणाला हाक मारत नाही. काही हवं असेल तर उठून जवळ येतात आणि खांद्याला हात लावतात. मी खाली वाकून वायरी बघत होते, मागून हात पडला तशी केवढ्याने दचकले! रेकॉर्डिंग करणारा दाढीवाला ओशाळला. म्हणाला, सवय होईल. रेकॉर्डिंगची जागा आहे, शांतता लागतेच, हे मला पटतं. पण जेवायच्या खोलीतसुद्धा? तिथे कोण आयकराचे नियम वाचतंय?

ऑफिसच्या जिन्यात, आमच्या मजल्याच्या खालच्या वळणावर, एक माणूस डबा मांडीवर घेऊन बसलेला असतो. येणारे-जाणारे त्याच्या पायांना वळसा घालून जातात, बघत कोणीच नाही. मी मान हलवली तर असा चमकला, जणू भिंतीने नमस्कार केला. कोणाची तरी वाट बघत असावा.

शेजारच्या मावशी शाळा सुटल्यावर मुंगीला घेऊन येणार, मी परतेपर्यंत सांभाळणार. त्यांच्या घरी त्यांची अंथरुणाला खिळलेली आई आहे. मुंगीने पहिल्या दिवशीच तिची आजी करून टाकली आणि तिच्या उशीखालची गोळ्यांची बरणी शोधून काढली. औषधाच्या नव्हेत, लिमलेटच्या.

५ सप्टेंबर, गुरुवार

माझ्या आधीच्या माणसाला माझ्यासमोर आणून उभं करा. काही बोलणार नाही, फक्त कपाळावर हात मारून घेईन.

हे इथे लिहायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल. आमच्या यंत्रात चार डिस्क आहेत, चार खाचा, प्रत्येकीवर एक हिरवा दिवा. यंत्र सुरू झालं की ते सगळ्या डिस्कना मिळून एक हाक मारतं, कोण कोण आहे? जी आधी ओ देईल तिचं नाव ए. तिच्या मागची बी, मग सी, मग डी. म्हणजे नाव डिस्कचं नसतंच, रांगेतल्या जागेचं असतं. आज तीच डिस्क बी, उद्या तिला ओ द्यायला जरा उशीर झाला तर सी. ही खोड जगातल्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिच्यावर उपायही सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक डिस्कच्या पोटात एक लांबलचक ओळख क्रमांक लिहिलेला असतो, दुसऱ्या कुठल्याच डिस्कचा नसतो असा. यंत्राला सांगायचं, बाबा रे, अक्षरं विसर, क्रमांक बघून ओळख. एका दुपारचं काम.

पण या महाशयांनी सगळा कारभार अक्षरांवर चालवलाय! बीवरचं उचल, सीवर टाक, डीवरचं श्रोत्यांना पाठव. मी काल यंत्र बंद करून चालू केलं, ओ द्यायचा क्रम बदलला, आणि आज बागकामाचं पुस्तक मागवलेल्या आजोबांना खुनाची गोष्ट पोहोचली. त्यांनी फोन करून सांगितलं की गोष्ट चांगली आहे, पण गुलाबाची छाटणी कधी करायची ते अजून आलेलं नाही. मोठ्या बाईंसमोर मान खाली घालून मी उभी. आणि करणारा गेला निघून!

६ सप्टेंबर, शुक्रवार

हे लक्षात यायला दोन दिवस लागले याचीच लाज वाटते. खाचा चार, दिवे चार, डिस्क चार. नावं पाच.

ए नावाची एक डिस्क यादीत आहे आणि ती कुठेच नाही. उरलेल्या चार जणींची अक्षरं तिच्यापायी एकेक घर मागे सरकलीत. यंत्र कितीही वेळा बंद-चालू करा, इतरांचा क्रम बदलतो, ही पहिलीच. आत बघितलं तर काही नाही. रिकामी. नवी कोरी डिस्कसुद्धा इतकी रिकामी नसते.

दाढीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, आधीचा म्हणायचा की पहिलीला हात लावायचा नाही, तिला तिचं अक्षर घेऊ द्यायचं, आपण बीपासून मोजायचं. का, ते नाही विचारलंस? नाही विचारलं म्हणे. या ऑफिसात कोणाला काही विचारायची पद्धतच नाही, कारण त्यासाठी आधी उठून खांद्याला हात लावावा लागतो!

९ सप्टेंबर, सोमवार

आज भांडण होता होता राहिलं. मावशींना आईला घेऊन दवाखान्यात जायचं होतं, म्हणून शाळा सुटल्यावर मुंगीला ऑफिसात आणलं. शहाण्यासारखी चित्रं काढत बसली होती. दाढीवाल्याने आग्रह केला की माझा आवाज चांगला आहे, लहान मुलांची एक गोष्ट वाचून बघा. बसले काचेमागे. गोष्ट एका हरवलेल्या बदकाची होती, मजा येत होती. मध्येच मुंगी बाहेरच्या बोळातून येऊन, खोलीचं जाड दार ढकलून ओरडली, "आई!" आणि मी सवयीने, माइकसमोरच, "ओ, आले गं!"

बाहेर येऊन बघते तर सगळे जागच्या जागी थिजलेले. एकीच्या हातात चहाचा कप तसाच. मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक. त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या की मुलीला पुन्हा आणू नका, आणायचीच असेल तर हाक न मारण्याची सवय लावा. मी म्हटलं, सहा वर्षांचं पोर आहे, आईला हाक नाही मारणार तर कोणाला मारणार? त्या वळून आपल्या खोलीत गेल्या. कसली मेली शिस्त! तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरी हवी आहे, म्हणून गप्प बसले.

दाढीवाल्याने मात्र रेकॉर्डिंग पुसलं नाही. तुमची ओ गोड आलीये, राहू दे, म्हणाला.

११ सप्टेंबर, बुधवार

केलं एकदाचं. अक्षरं गेली, क्रमांक आले. चारही डिस्क आता आपापल्या कायमच्या ओळखीने उभ्या राहतात. क्रम काय वाटेल तो होवो.

राहिली ती आगंतुक. तिच्यावर माझा असा राग झाला होता की म्हटलं, हिचा सोक्षमोक्ष लावूनच घरी जायचं. जी वस्तू नाहीच तिच्यावर काही लिहिता येणार नाही, यंत्र तक्रार करील आणि विषय संपेल. म्हणून नव्या रेकॉर्डिंगची अख्खी डिस्क, माझ्या बदकाच्या गोष्टीसकट, जशीच्या तशी तिच्यावर कॉपी करायला लावली.

यंत्राने तक्रार केली नाही. कॉपी झाली. कधी नव्हे इतक्या झटपट.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मूर्ख, मूर्ख, मूर्ख! डिस्क जशीच्या तशी कॉपी केली की पोटातला ओळख क्रमांकही कॉपी होतो. हे मी शिकाऊ मुलांना पहिल्या आठवड्यात ओरडून ओरडून सांगत आले आहे. आता एकाच ओळखीच्या दोघी झाल्यात, एक खरी आणि एक ती. आणि दोघींची ओळख सारखी असली की यंत्र काय करतं? जी आधी ओ देते तिलाच खरी धरतं.

आधी कोण ओ देतं ते वर लिहिलंच आहे.

पुसून टाकायला गेले तर पुसली जात नाही. यंत्र म्हणतं पुसली, आणि बघावं तर सगळं जागेवर. दिवसभर हेच. घरी येऊन मुंगीवर विनाकारण खेकसले. नंतर वाईट वाटलं, दोघी मिळून साखर-लोणी लावलेला पाव खाल्ला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

दाढीवाल्याने खांद्याला हात लावून बोलावलं. बदकाची गोष्ट लावली. मुंगीची हाक आली, "आई!" मग "ओ, आले गं." मग पुन्हा "ओ, आले गं."

तो म्हणाला, सोमवारी ही ओ एकदाच होती, मी स्वतः ऐकलंय. मी म्हटलं, माझ्या कालच्या गोंधळात फाइल बिघडली असेल, प्रतिध्वनी असेल. तो पडद्यावर बोट ठेवून बघत राहिला. म्हणाला, प्रतिध्वनी मागून येतो. माइक तुमच्या तोंडासमोर होता, तुमची ओ मोठी आणि जवळची, ती दुसरी आहे. लांबून आलेली, बारीक, ती पहिली.

मग त्याने विषय बदलला आणि माझा चहा स्वतः आणून दिला. हे मला आवडलं नाही. इथे कोणी कोणाचा चहा आणत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

सुट्टी. कपडे धुतले, खोकी उपसली, लायटर सापडला. मुंगी आतून हाका मारत होती, मी ओट्यापाशी. जेवताना तिने विचारलं, तू हल्ली दोनदा ओ का देतेस?

मी विचारलं, कधी? ती म्हणाली, रोज. आधी कपाटातून देतेस आणि मग ओट्यापासून.

कपाट उघडून बघितलं. कपडे आहेत. माझेच.

१६ सप्टेंबर, सोमवार

सकाळच्या घाईत मुंगीला दूध दिलं तर पेला सरकवून म्हणाली, दिलंस की मघाशी. नाही दिलं. दिलंस, साखर जास्त घातलीस, कोणाला सांगू नको म्हणालीस. ओठांवर दुधाची मिशी होती. पातेल्यात मात्र दूध होतं तेवढंच.

आज माझ्या हातून ऑफिसात काही धड झालं नाही. यंत्र बंद करून त्या एकीला वगळून बघितलं, खाचांचा क्रम बदलून बघितला, सगळं नव्याने बसवून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी पंधरा वर्षं हे काम करतेय आणि एक नसलेली डिस्क मला पुरून उरतेय! रडू आलं ते भीतीने नाही, संतापाने. असं लिहून ठेवते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

शाळेच्या फाटकात मुंगी मला म्हणाली, टाटा मावशी.

मुलं चुकतात. बाईंना आई म्हणतात, आईला बाई म्हणतात. मी हसले. ती हसली नाही.

संध्याकाळी शेजारच्या मावशी फुरंगटून बसलेल्या. मुंगी शाळेतून आल्यापासून त्यांना आजी म्हणत होती. एवढी का म्हातारी दिसते मी, म्हणाल्या. त्यांची समजूत काढता काढता मी आत बघितलं. त्यांची आई अंथरुणावरून मुंगीकडे हात पुढे करत होती, तळव्यावर लिमलेटची गोळी. मुंगी तिच्या समोरून गेली, नजर त्या बाईच्या आरपार. रिकाम्या पलंगासमोरून जावं तशी.

मी मावशी. मावशी आजी. आणि आजीला नावच उरलं नाही.

एकेक घर मागे. हे मी कुठे बघितलंय ते मला माहीत आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार

जिन्यातल्या माणसाशेजारी जाऊन बसले. त्याच्या खांद्याला हात लावला. तो रडला.

आधीचा म्हणजे तोच. त्याने सांगितलं ते सगळं एका दमात लिहिते. ती रिकामी असते आणि तिला पहिलं व्हायचं असतं, बस, एवढंच. अक्षर दिलं की तिचं भागतं. अक्षर कोणाचंच नसतं, गेलं तर गेलं. म्हणून त्याने सगळा कारभार अक्षरांवर ठेवला, मुद्दाम, आणि येणाऱ्या माणसाने आपल्याला शिव्या दिल्या तरी चालतील असं ठरवलं. हे शहाणपण त्याला उशिरा आलं. त्याआधी त्यानेही एकदा क्रमांक लावून बघितले होते. त्यानेही कॉपी केली होती. तिच्यावर त्याचाही आवाज होता, माइक तपासताना एक-दोन-तीन म्हटलेला. मग एका संध्याकाळी घरी गेला तर बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, कोण हवंय? हे आत्ताच आलेत, जेवतायत.

ऑफिसला कळलं तेव्हापासून इथे हाका बंद. हाकच नाही तर ओ कोण देणार? पण मला कोणी काही सांगितलं नाही. का, विचारलं तर म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्ही राहिला असता का?

त्याचं घर ह्याच इमारतीत, ऑफिसच्या वर. संध्याकाळी तो स्वतःला घरी जाताना बघतो, ह्याच जिन्यावरून. पायांना वळसा घालून.

तसेच वर गेले. चारही डिस्क उपटल्या, टेबलावर ठेवल्या. चारही दिवे विझले. यंत्र सुरू केलं. आत एकही डिस्क नाही. हाक गेली.

एक ओ आली. ए.

१९ सप्टेंबर, गुरुवार

कामावर गेले नाही. मुंगीला शाळेत पाठवलं नाही. तिला जवळ घेऊन सांगितलं की आजपासून हाक मारायची नाही. काही हवं असेल तर उठून यायचं आणि मला हात लावायचा. खेळ आहे असं म्हटलं.

ती विचार करून म्हणाली, पण मावशी, हाक नाही मारली तर आई येईल कशी?

मी तिच्यावर ओरडले. मी आई आहे म्हणून ओरडले. ती घाबरून मागे सरली, आणि तोंड उघडलं तिने, मी तिच्या तोंडावर हात ठेवायला धावले, पण—

ओट्यापासून आली. "ओ, आले गं." माझा आवाज. माझ्यापेक्षा गोड. त्यात थकवा नव्हता, चिडचिड नव्हती. मुंगीचे डोळे असे आनंदले! ती माझ्या हाताखालून निसटून पळाली.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मुंगी ओट्याला मिठी मारल्यासारखी उभी, डोळे मिटून.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर तिचा हात धरून. माझ्या गालावर, हनुवटीवर फिरवला. ही बघ आई. ही आई. ती आज्ञाधारकपणे हो म्हणत होती, अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

बहिणीला फोन केला. ताई म्हणाली, आत्ताच तर बोललीस, ठेवला की फोन. आणि आवाज असा का येतोय लांबून?

मावशी दारात आल्या. मुंगीने "मावशी" म्हटलं, दोघींनी ओ दिली, त्यांची आधी आली. म्हणजे मावशी परत मावशी. आणि मी—

मुंगी त्यानंतर मला काही म्हणालीच नाही. दोनदा माझ्या पायांना वळसा घालून गेली.

मोठ्या बाईंना फोन केला, ते यंत्र ऑफिसातून काढा, जाळा, काहीतरी करा. त्या म्हणाल्या, कोण बोलतंय? आमच्या कॉम्प्युटरवाल्या बाई समोरच बसल्यात.

२१ सप्टेंबर, शनिवार

कचरा टाकायला खाली गेले. फक्त कचरा. दार लोटून. वर आले तर आतून कडी.

ऊन आहे. जिन्याच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. पायरीवर बसून लिहितेय. लिहीत राहिले तर—

मावशी खाली गेल्या. पायांना वळसा घालून. त्यांच्या खांद्याला हात लावला. झटकून टाकला, जळमट लागावं तसा.

आत भांडी वाजतायत. बदकाची गोष्ट चाललीये, तीच, शब्दन् शब्द. मुंगी हसतेय. तिला मी इतकी हसताना कधी— नाही, हसायची. माझ्याबरोबरही हसायची. हे इथे लिहून ठेवते.

अजून एक वाट आहे. आधी ओ द्यायची. नुसती आधी. जी आधी ओ देईल, नाव तिचंच. दाराला तोंड लावून बसायचं, श्वास भरून, आणि हाकेची वाट बघायची. ती हाक मारणार. घरात ती दर थोड्या वेळाने मारतेच, तपासून बघते, आई आहे ना.

गोष्ट थांबली.

पावलं. कपाटाकडे गेली. आता मारेल.

मारली. "आई!" आणि मी दिली, दिली, आधी दिली, नक्की आधी, तिचा शब्द संपायच्या आत, सगळा जीव ओतून, आणि आतून काहीच नाही आलं, दुसरी ओ नाहीच आली! जिंकले. मुंगे, उघड. पावलं दाराशी येतायत. कडीला हात लागला—

थांबली.

हळू आवाजात बोलतेय. माझ्याशी नाही. मागे वळून.

आई, बाहेर कोणीतरी बाई तुझ्या आवाजात ओरडतेय.

मुंगे, नाही गं. मी आहे. दार उघड, मी आहे गं, मी तुझी—